उरणला गेट अडलं की वऱ्हाडात रेक का रखडते? बंदरावरचं आंदोलन आणि मालगाडीची साखळी, समजून घ्या सोप्या भाषेत

अकोला / अमरावती : जून-जुलैत वऱ्हाडातल्या कोणत्याही कृषी केंद्रावर गेलं की एक प्रश्न हमखास कानावर येतो. "रेक लागली काय हो?" आणि उत्तर बरेचदा तेच असतं, "नाही लागली भाऊ, उद्या येजा." रेक म्हणजे खताची अख्खी मालगाडी. ती अकोला, बडनेरा किंवा धामणगावच्या मालधक्क्यावर लागते, तिथून ट्रकनं तालुक्यात आणि मग दुकानात माल येतो.

ही रेक का रखडली, याचं कारण दरवेळी दुकानदाराकडे किंवा कृषी विभागाकडे नसतं. काही वेळा ते पाचशे-सहाशे किलोमीटर दूर, समुद्राच्या काठावर असतं. बंदराच्या गेटवर लोक बसले, कामगारांनी काम थांबवलं, ट्रेलरवाल्यांनी चाकं रोखली, की त्याचा धक्का रेल्वेच्या रुळांवरून मागे सरकत येतो. तो कसा येतो, बंदरावर आंदोलन कोण करतं, का करतं आणि आपण काय लक्षात ठेवायचं, याची ही माहिती.

वऱ्हाड आणि बंदर : दीडशे वर्षांचं नातं

वऱ्हाडात रेल्वे आली तीच मुळात बंदरासाठी. १८६० च्या दशकात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस बंद झाला आणि इंग्लंडच्या गिरण्यांना वऱ्हाडच्या कापसाची गरज पडली. मुंबईहून निघालेली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे भुसावळ, अकोला, बडनेरा करत १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली. जलंबहून खामगावला फाटा गेला तो १८७० मध्ये, कापसाच्या बाजारासाठीच. पुढे अचलपूर-मूर्तिजापूर-यवतमाळ ही 'शकुंतला' धावली, तिचंही मुख्य काम कापूस मूर्तिजापूरच्या मोठ्या लाइनवर आणून देणं हेच होतं. तिथून माल थेट मुंबई बंदरात.

आज मालाचे प्रकार वाढले, पण दिशा तीच आहे. कापसाच्या गाठी, सोयाबीनची पेंड असा माल बंदराकडे जातो. बंदराकडून खत, यंत्रांचे भाग, खाद्यतेल, कारखान्याचा कच्चा माल येतो. म्हणजे बंदराचं दार अडलं तर वऱ्हाडची जाणारी आणि येणारी, दोन्ही वाट अडते.

न्हावा-शेवा बंदर : थोडक्यात ओळख

- रायगड जिल्ह्यातल्या उरण तालुक्यात हे बंदर आहे. २६ मे १९८९ रोजी ते सुरू झालं. पूर्वी 'जेएनपीटी' म्हणत, आता अधिकृत नाव जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरण.
- देशातल्या सर्वांत मोठ्या कंटेनर बंदरांपैकी हे एक.
- बंदरातली रेल्वे लाइन जासईमार्गे पनवेलला जोडलेली आहे. वऱ्हाडाकडे येणारी गाडी पनवेल, दिवा, कल्याण, इगतपुरी, मनमाड, भुसावळ करत अकोल्याकडे येते.
- बहुतेक कंटेनर ट्रेलरनं रस्त्यानं जातात, उरलेले रेल्वेनं. पण रस्ता आणि रेल्वे दोघांनाही यार्ड एकच. हा मुद्दा पुढे कामाचा आहे.
- कंटेनरच्या एका पूर्ण गाडीत साधारण ४५ वॅगन असतात. तिच्यावर २० फुटी ९० कंटेनर बसतात.

आंदोलन करणारे कोण? आधी हे समजून घ्या

बंदरावर बसणारी माणसं कुठून बाहेरून आलेली नसतात. बहुतेक वेळा ती त्याच मातीतली असतात. उरण-पनवेल भागातल्या शेतकऱ्यांची भातशेती आणि मिठागरं नवी मुंबईसाठी आणि बंदरासाठी घेतली गेली. योग्य मोबदला आणि विकसित जमिनीत वाटा, ही त्यांची मागणी. या लढ्याचे नेते होते दि. बा. पाटील.

१६ आणि १७ जानेवारी १९८४ या दोन दिवशी उरण तालुक्यात पोलिसांनी आंदोलकांवर गोळीबार केला. पाच शेतकरी हुतात्मा झाले. त्याच लढ्यातून जमीन गेलेल्यांना १२.५ टक्के विकसित भूखंड देण्याचं तत्त्व पुढे आलं. आजही दरवर्षी जानेवारीत तिथे हुतात्म्यांना अभिवादन होतं.

पण तत्त्व ठरणं वेगळं आणि सातबारा हातात पडणं वेगळं. बंदर १९८९ मध्ये सुरू झालं. बंदराच्या प्रकल्पग्रस्तांना १२.५ टक्के जमिनीची इरादापत्रं देण्याचा कार्यक्रम पंतप्रधानांच्या हस्ते झाला तो १६ ऑगस्ट २०१४ रोजी. मधे पंचवीस वर्षं गेली. बंदरासाठी गाव सोडावं लागलेल्या शेवा कोळीवाड्यातल्या कोळी कुटुंबांचाही पुनर्वसनाचा झगडा असाच वर्षानुवर्षं चालला. २०२१ च्या जून महिन्यात नवी मुंबई विमानतळाला दि. बां.चं नाव द्यावं म्हणून १० तारखेला मानवी साखळी आणि २४ तारखेला सिडको भवनाला घेराव झाला, तेव्हा हाच सगळा पट्टा पुन्हा रस्त्यावर उतरला होता.

वऱ्हाडाला ही गोष्ट परकी नाही. अप्पर वर्धा धरणाच्या प्रकल्पग्रस्तांनी मोर्शीत दीर्घकाळ ठिय्या दिला आणि २९ ऑगस्ट २०२३ रोजी मंत्रालयात जाऊन संरक्षक जाळीवर उड्या घेतल्या. धरण असो की बंदर, दुखणं सारखंच आहे.

आंदोलनाचे चार प्रकार आणि गाडीवर होणारा परिणाम

१. गेट किंवा रस्ता अडवणं. लोक बंदराच्या गेटवर किंवा महामार्गावर बसतात. रेल्वे रुळावर कोणीच नसतं. तरी गाडी अडते. कारण जहाजातून उतरलेला माल ट्रेलरनं बाहेर गेला नाही, तर यार्ड भरत जातं. मग गाडीतून उतरवलेला कंटेनर ठेवायला जागाच उरत नाही.

२. ट्रेलर-ट्रकचा संप. २० जुलै २०१८ पासून देशभर मालवाहतूकदारांचा आठवडाभर संप झाला. त्यात न्हावा-शेव्यात आयातीचे कंटेनर साचत गेले. १ आणि २ जानेवारी २०२४ ला नव्या 'हिट अँड रन' तरतुदीविरोधात चालकांनी चाकं थांबवली. ती दोन दिवसांची पेट्रोल पंपावरची गर्दी आपल्याकडच्या लोकांनाही आठवत असेल.

३. बंदर कामगारांचा संप. क्रेन थांबली की जहाजही थांबतं आणि गाडीही. देशातल्या प्रमुख बंदरांमधल्या कामगार संघटनांनी २८ ऑगस्ट २०२४ पासून बेमुदत संपाची हाक दिली होती. आदल्या दिवशी, २७ ऑगस्टला, वेतनवाढीचा समझोता झाला आणि संप टळला. बोलणी वेळेत झाली तर एकही गाडी न थांबता प्रश्न सुटतो, याचं हे ताजं उदाहरण.

४. थेट रुळावर बसणं किंवा समुद्रात होड्या आडव्या घालणं. रूळ अडला तर गाडी त्याच क्षणी थांबते. समुद्रातली वाट अडली तर जहाज आत येत नाही आणि भरायला आलेली गाडी रिकामी उभी राहते. ऑस्ट्रेलियात न्यूकॅसल हे कोळशाचं प्रचंड मोठं बंदर आहे. तिथे नोव्हेंबर २०२३ मध्ये पर्यावरणवाद्यांनी छोट्या नावा घेऊन जहाजांची वाट अडवली. १०९ जणांना अटक झाली. त्या बंदरात कोळसा येतो तो रेल्वेनंच.

साखळी कशी तुटते? एकेक पायरी

मालगाडी ही एसटीसारखी नसते. एसटी एका फेरीला उशिरा आली तरी दुसरी गाडी लावता येते. मालगाडीच्या रेकचा मात्र फेरा असतो. बंदरात रिकामी झाली की ती भरते, आतल्या भागात येते, पुन्हा रिकामी होते, पुन्हा भरते आणि परत जाते. एका ठिकाणी अडली की पुढचे सगळे टप्पे घसरतात.

पहिली पायरी : यार्ड भरतं. बंदरातल्या रेल्वे लाइन मोजक्या असतात. उभ्या गाड्या रिकाम्या झाल्याशिवाय नवी गाडी आत घेता येत नाही.

दुसरी पायरी : गाड्या वाटेत उभ्या केल्या जातात. बंदराकडे निघालेल्या गाड्या आधी जासई, पनवेलकडे थांबतात. ती जागा भरली की त्यामागच्या स्टेशनांत बाजूच्या लाइनवर उभ्या करतात. रेल्वेच्या भाषेत याला 'स्टेबल करणं' म्हणतात. ही लाइन अडकली की दुसऱ्या गाडीला पुढे काढायला जागा कमी पडते.

तिसरी पायरी : इंजिन आणि माणसं अडकतात. लोको पायलट आणि गार्ड यांच्या ड्युटीचे तास ठरलेले असतात. गाडी उभी राहिली आणि तास संपले की नवी जोडी पाठवावी लागते. रस्ता मोकळा झाला तरी इंजिन किंवा लोको पायलट मिळेपर्यंत गाडी हलत नाही.

चौथी पायरी : बुकिंगवर बंधन येतं. अडचण वाढली की रेल्वे त्या ठिकाणासाठी माल भरणं काही काळ थांबवते. व्यापारी याला 'रिस्ट्रिक्शन लागलं' म्हणतात. मग जिनिंगमध्ये गाठी तयार असल्या तरी गाडी मिळत नाही.

पाचवी पायरी : रिकामे डबे परत येत नाहीत. ही पायरी बाहेरून दिसत नाही, पण सर्वांत महागात तीच पडते. बंदराकडे अडकलेल्या वॅगन दुसऱ्या कोणाच्या तरी हक्काच्या असतात. त्या आल्या नाहीत म्हणून भलत्याच गावातला, बंदराशी संबंध नसलेला मालही रखडतो.

दोन दिवसांचा बंद, आठ दिवसांची भरपाई

लोक म्हणतात, दोनच दिवस बंद होता, मग आठवडाभर माल का नाही? हा हिशोब उदाहरणानं पाहा. आकडे फक्त समजण्यासाठी घेतले आहेत.

समजा एका बंदरात रोज ८ गाड्या हाताळल्या जातात. पूर्ण ताकद लावली तर १० होतात. दोन दिवस काम बंद राहिलं. म्हणजे १६ गाड्या तुंबल्या. तिसऱ्या दिवशी काम सुरू झालं. रोजच्या नव्या ८ गाड्या तर येणारच. त्यामुळे तुंबलेल्यांपैकी रोज फक्त २ जास्तीच्या निघतात. १६ भागिले २, म्हणजे ८ दिवस. आणि हे सगळं सुरळीत चाललं तर. मधे पाऊस, घाटात दरड किंवा इंजिनची टंचाई आली की दिवस आणखी वाढतात.

म्हणून 'आंदोलन मागे' ही बातमी मोबाइलवर आली म्हणजे दुसऱ्या दिवशी रेक लागेल, असं समजू नये.

वऱ्हाडात नेमकं काय जाणवतं?

खत. न्हावा-शेवा हे मुख्यतः कंटेनरचं बंदर आहे. आयात खताचा मोठा भाग गुजरात आणि आंध्र प्रदेशातल्या बंदरांतून येतो. पण नियम सगळीकडे तोच. आपल्या देशात पोटॅश निघत नाही, ते सगळं बाहेरून येतं. डीएपीसाठीही आयातीवर मोठी भिस्त आहे. म्हणून बंदर अडलं तर या खतांवर आधी परिणाम होतो. युरियाचं थोडं वेगळं आहे. तो बऱ्याच प्रमाणात देशात बनतो. रायगड जिल्ह्यातच आरसीएफचा थळ कारखाना आहे. मात्र तिथून वऱ्हाडाकडे येणाऱ्या गाडीलाही पेण-पनवेलमार्गेच बाहेर पडावं लागतं. पनवेलला गाड्या तुंबल्या तर तिचाही नंबर मागे जातो.

एक रेक चुकली म्हणजे किती माल? बंद वॅगनच्या साध्या ४२ डब्यांच्या गाडीत सुमारे २,६०० टन खत बसतं. ४५ किलोच्या पिशव्या धरल्या तर जवळपास ५८ हजार पिशव्या. पेरणीच्या आठवड्यात एवढ्या पिशव्या उशिरा येणं म्हणजे कित्येक गावांच्या पिकाचा पहिला डोस हुकणं.

कापूस आणि सोयापेंड. जहाजाची तारीख हुकली की निर्यातदाराला पुढच्या जहाजाची वाट पाहावी लागते. गोदामभाडं, कंटेनरचं भाडं, रेल्वेचं डॅमरेज वाढत जातं. हा खर्च शेवटी कोणाच्या अंगावर येतो, ते सांगायला नको. जिनिंगवाल्याची उचल मंदावली की बाजार समितीत खरेदी सावध होते आणि फटका शेतकऱ्याच्या भावाला बसतो.

वीज. बाळापूर तालुक्यातल्या पारस औष्णिक केंद्राचा कोळसा बंदरातून नाही, खाणींकडून येतो. पण तो येतो याच भुसावळ-नागपूर लाइनवरून. लाइनवर उभ्या गाड्यांची गर्दी झाली तर कोळशाच्या गाड्यांनाही वाट काढावी लागते.

फक्त बंदरच नाही : पंजाब आणि कॅनडाचा अनुभव

रूळ अडले तर बंदर सुरू असूनही उपयोग नसतो, हे पंजाबात दिसलं. कृषी कायद्यांविरोधात तिथे २४ सप्टेंबर २०२० पासून रेल रोको सुरू झालं. मालगाड्या पुन्हा धावल्या त्या २३ नोव्हेंबरला. त्या दोन महिन्यांत औष्णिक केंद्रांचा कोळसा आटला, गव्हाच्या पेरणीच्या तोंडावर युरियाची चणचण झाली आणि लुधियानाच्या ड्राय पोर्टमध्ये कंटेनर अडकून पडले. आंदोलन शेतकऱ्यांचंच होतं आणि खताची टंचाईही शेतकऱ्यांनाच भोगावी लागली.

कॅनडात फेब्रुवारी २०२० मध्ये असंच घडलं. मूळनिवासी समाजाच्या जमिनीतून गॅसची पाइपलाइन नेण्यास विरोध होता. त्यांच्या पाठिंब्यासाठी टोरांटो-माँट्रियल मार्गावर बेलव्हिलजवळ ६ फेब्रुवारीपासून रेल्वे अडवली गेली. पश्चिम किनाऱ्यावरच्या प्रिन्स रूपर्ट बंदराकडे जाणारी लाइनही अडली. काही दिवसांतच तिथल्या मोठ्या रेल्वे कंपनीनं देशाच्या पूर्व भागातली वाहतूक बंद ठेवत असल्याचं जाहीर केलं. दोन-चार ठिकाणी रूळ अडले आणि अर्ध्या देशाचा माल थांबला.

कायदा काय सांगतो?

- शांततेनं, विनाशस्त्र एकत्र येण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम १९ नं दिला आहे. मोर्चा, धरणं, सभा हा गुन्हा नाही. त्यावर वाजवी निर्बंध मात्र घालता येतात.
- रुळावर बसून, पिकेटिंग करून किंवा रेल रोको करून गाडी अडवणं हा रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १७४ नुसार गुन्हा आहे. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा २ हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.
- रुळांची मोडतोड, सिग्नलशी छेडछाड यांना वेगळी आणि फार कडक कलमं आहेत. त्यात माणसं मरू शकतात, हे कोणत्याही आंदोलकानं विसरू नये.

शेतकऱ्यांनी काय लक्षात ठेवावं?

- पेरणीच्या आठवड्यावर खत खरेदी ढकलू नका. गरजेपुरतं खत आधीच घेऊन कोरड्या जागी ठेवा. गरजेपेक्षा जास्त साठवलं तर दुसऱ्याचा वाटा जातो.
- डीएपी नसेल तर थांबून राहू नका. सिंगल सुपर फॉस्फेट आणि युरिया किंवा उपलब्ध संयुक्त खत यातून गरज भागते का, ते कृषी सहायकाला विचारा. मात्रा माती परीक्षणाप्रमाणे ठरवा.
- 'बंदर बंद आहे, माल येणार नाही' असं सांगून कोणी जास्त पैसे मागत असेल तर देऊ नका. युरियाच्या ४५ किलोच्या पिशवीची किंमत २६६ रुपये ५० पैसे आहे. पिशवीवरची किंमत पाहा, ई-पॉस मशीनची पावती घ्या.
- युरियासोबत दुसरं औषध किंवा खत घ्यायची सक्ती करता येत नाही. तशी सक्ती झाली तर पंचायत समितीतल्या किंवा तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या. माहितीसाठी किसान कॉल सेंटरचा टोल फ्री क्रमांक १८००-१८०-१५५१.
- कापूस किंवा सोयाबीनचे भाव अचानक नरमले तर घाईनं विकण्याआधी कारण विचारा. वाहतूक अडल्यामुळे आलेली नरमाई बरेचदा वाहतूक सुरळीत झाली की निवळते. भाव पडण्याची कारणं मात्र आणखीही असतात, म्हणून फक्त यावर विसंबू नका.
- व्हॉट्सॲपवर फिरणारे जुने व्हिडिओ तारीख पाहिल्याशिवाय पुढे पाठवू नका. अफवेनं दुकानावर रांग लागते आणि नसलेली टंचाई खरी होते.

पुढे काय? नजर वाढवणवर

पालघर जिल्ह्यात डहाणूजवळ वाढवण इथे आणखी मोठं बंदर होत आहे. केंद्रीय मंत्रिमंडळानं त्याला १९ जून २०२४ रोजी मंजुरी दिली, ३० ऑगस्ट २०२४ ला पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी झाली. खर्च ७६ हजार कोटी रुपयांच्या वर आहे. दादरी ते न्हावा-शेवा हा १,५०६ किलोमीटरचा मालवाहतुकीचा स्वतंत्र रेल्वे मार्गही पालघर पट्ट्यातूनच जातो. म्हणजे उद्या वऱ्हाडचा काही माल वाढवणमार्गे जाऊ शकतो.

पण तिथले मच्छीमार आणि शेतकरी या बंदराला १९९० च्या दशकापासून विरोध करत आले आहेत. मासेमारीची जागा जाईल, डायमेकिंगचा घरगुती धंदा बसेल, किनारा खचेल, ही त्यांची भीती आहे. मोबदला आणि रोजगाराची आश्वासनं सरकारनं दिली आहेत. ती कागदावरून घरात कधी पोहोचतात, यावर पुढचं बरंच अवलंबून आहे.

उरणचा इतिहास एवढंच सांगतो की ज्यांच्या जमिनीवर बंदर उभं राहतं, त्यांचा हिशोब पंचवीस वर्षं थकला तर ती थकबाकी गेटवर येऊन बसते. मग गाडी पनवेलला थांबते आणि धामणगावच्या मालधक्क्यावर हमाल रिकामे बसून राहतात. रेक वेळेवर लागायची असेल तर रूळ, इंजिन आणि क्रेन यांच्याइतकंच प्रकल्पग्रस्ताचं पुनर्वसनही वेळेवर व्हायला हवं. आपल्याकडच्या धरणग्रस्तांनाही याहून वेगळं काही मागायचं नाही.

तोवर कृषी केंद्रावर "रेक लागली काय हो?" हे विचारताना, ती कुठे थांबली आणि का थांबली, हेही एकदा विचारून पाहा.